मामाच्या नावाची नळी

९ ऑक्टोबर

मामा,

लिहितो लिहितो म्हणत चार महिने घालवले, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे तुला पहिल्या ओळीपासूनच ओरडायला मोकळीक. कागद होता, पेन होतं, वेळ तर ढीगभर होता. पण लिहायला बसलं की वाटायचं, मामा पहिलं हेच विचारणार की भट्टीवर कधी उभा राहतोस. मग मी पेन ठेवून बूट पुसायला घ्यायचो. माझे बूट जन्मात इतके स्वच्छ नव्हते.

बोटींना रंग लावायचं काम सुटलं. त्यात माझी चूक अर्धीच, उरलेली अर्धी एका बकरीची. ते समोर बसून सांगण्यासारखं आहे, लिहिण्यात मजा नाही. आता मी बर्फाच्या मुलखात आलोय. पत्र्याचं घर, तीन खोल्या, मधल्या खोलीत शेगडी. बाहेर पाहिलं तर पांढरं, आणि दुसऱ्या खिडकीतून पाहिलं तर तेच. फोन इथे चालत नाही. पंधरा दिवसांनी एक ट्रक येतो, तो रॉकेल, बटाटे आणि टपाल टाकतो आणि आमचं टपाल घेऊन जातो.

काम विचारशील. इथे एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या कुणाला औषध देत नाहीत, माणसांना थंडी कशी सोसते याचा अभ्यास करतात. जवळच्या वस्तीतले मेंढपाळ येतात, बर्फाच्या पाण्याच्या बादलीत हात घालतात आणि मी घड्याळ घेऊन बसतो. "पुरे" म्हणाले की वेळ लिहायची, हात पुसायला पंचा द्यायचा, मग एका नळीत थुंकायला सांगायचं. परवा एक म्हातारी आली. नऊ मिनिटं हात बुडवून बसली आणि मला खुणेनं विचारते, पाणी आहेच तर रुमाल धुऊन घेऊ का. मी स्वतः एक मिनिट चाळीस सेकंद टिकलो, त्यातले शेवटचे वीस नुसत्या अब्रूसाठी.

थुंकी कशाला, तर बाई सांगतात, आपल्या अंगात कणाकणात एक लांबलचक मजकूर लिहिलेला असतो. सगळ्या माणसांचा जवळजवळ सारखाच, पण मधूनमधून एखादं अक्षर वेगळं. ज्यांच्या शेकडो पिढ्या थंडीत गेल्या त्यांच्यात काही अक्षरं जास्त सापडतात, उन्हात गेल्या त्यांच्यात दुसरी. उदाहरण द्यायचं तर मीठ. गरम मुलखात घामावाटे मीठ जातं, म्हणून मीठ धरून ठेवणारी शरीरं तिथे जास्त टिकली असावीत. गार लागल्याची वर्दी मेंदूला देणारी एक जागा असते, तिच्यातही थंड मुलखात फरक दिसतो. तोही हवामानामुळे पडला असावा. बाई "असावा" फार म्हणतात.

हे ऐकल्याबरोबर मला तूच आठवलास. एकतीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी! आणि सतरा वर्षांचा मी, तिसऱ्याच दिवशी पावाच्या ट्रेसकट आडवा. तेव्हा तू माझं नाव मेणबत्ती ठेवलंस, ते सगळ्या गल्लीनं उचललं. हे मी बाईंना सांगितलं. त्यांना तुलनेसाठी गरम मुलखातल्या लोकांच्या नळ्या हव्याच आहेत. तर सोबत तुझ्या नावाची नळी आणि फॉर्म. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत थुंकायचं. माझी नळी मी भरली. आपल्यातला कोण कशाचा बनलाय ते एकदा लेखी होऊन जाऊ दे.

तुझा
मेणबत्ती


२४ ऑक्टोबर

चि. मेणबत्तीस,

पत्र मिळालं. अक्षर शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखं आहे, तरी वाचलं.

भट्टी चांगली चालू आहे. पावाचा रंग हल्ली पूर्वीपेक्षा बरा येतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. तुझी मामी बरी. बबी बरी.

इतकी वर्षं दुकानासमोर थुंकू नका म्हणून लोकांशी भांडलो आणि आता सख्खा भाचा पत्र पाठवून थुंकायला सांगतो. असो. फॉर्मवर सही केली आहे, नळी भरून पाठवली आहे.

थंडी-गरमी सगळी सवयीची असते. मी एकतीस वर्षांत भट्टीसमोर एकदाही पडलो नाही. त्यासाठी मला कुठलं अक्षर लागलं नाही. तू सव्वीस वर्षांचा झालास. बादलीपाशी घड्याळ घेऊन बसणं हा धंदा नव्हे. तुझ्या आईला तिच्या शेवटच्या दिवसांत मी शब्द दिलाय की भट्टी अर्धी तुझी. मी आता साठीला आलो. माझ्यामागे भट्टीत पाव सारायचं फावडं कोण धरणार? जानेवारीत ये.

मामा


८ नोव्हेंबर

मामा,

नळी पोचली. नुसती पोचली नाही, मैद्याचा हात लागलेली पोचली. बाईंनी हसत हसत पुसली.

एकतीस वर्षांत एकदाही पडला नाहीस, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि वहीत लिहून घेतलं. तू वहीत आहेस, मामा.

आता खरं सांगतो, मला या तपासणीकडून फार आशा आहे. समजा असं निघालं की तुझ्यात उन्हाची अक्षरं आहेत आणि माझ्यात, आईकडून नाही तर बाबांकडून, थंडीची. मग माझी त्यात काय चूक? मासा झाडावर चढला नाही म्हणून कुणी त्याला आळशी म्हणतं का? तू तो कागद काच लावून दुकानात टांग. गल्लीतल्या सगळ्यांना कळू दे की मेणबत्ती पळून गेली नाही, तिला मुळात बनवलंच गार जागेसाठी.

बाईंना हे बोललो तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांचं ते "हं" मला आवडलं नाही.

इथे मी मजेत आहे. रुमालवाल्या म्हातारीनं मला मेंढीची लोकर विंचरायला शिकवलं. ते करताना दुपार कशी जाते कळत नाही. मात्र त्या नादात परवा शेगडी विझली. आतल्या खोलीतली शाई गोठली, म्हणून हे पत्र पेन्सिलीनं.

मेणबत्ती


१२ डिसेंबर

मामा,

मधल्या ट्रकनं तुझं पत्र नाही. तपासणीचे कागद मात्र आलेत. दोन बातम्या आहेत. आधी माझी.

माझ्यात थंडीचं काहीही नाही. बाईंनी यादीवर बोट फिरवत फिरवत दाखवलं, प्रत्येक जागी मी अगदी आपल्याकडच्या उन्हातल्या माणसासारखा. मीठ धरून ठेवणारं अक्षर तर दोन्हीकडून आलंय, आईकडूनही आणि बाबांकडूनही. कागदावर पाहिलं तर मी भट्टीसमोर मांडी ठोकून बसायला हवा. मी बाईंना विचारलं, मग मी पडलो कसा? मग इथे मला इतकं बरं का वाटतं? त्या म्हणाल्या, ते या कागदात शोधू नकोस. हे फरक हजारो माणसं आणि हजारो वर्षं एकत्र धरली की दिसतात. ज्यांची पोरंबाळं जगली त्यांच्यात एखादं अक्षर उरत गेलं, इतकंच. एका माणसाला उचलून तू पाव भाज, तू मेंढ्या राख, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

मी दिवसभर तोंड पाडून लोकर विंचरली.

आता तुझी बातमी. संध्याकाळी बाईंनी मला पुन्हा बोलावलं. दार लावलं. जरा घसा खाकरला आणि विचारलं, तुझे मामा हे... मामाच आहेत ना? मी म्हटलं, म्हणजे काय, जन्मापासून. तर म्हणाल्या, ही नळी एका बाईची आहे. तुझ्या नात्यातलीच, पण मामापेक्षा एक पायरी लांबची.

मामा, तू बाई निघालास. एकतीस वर्षं आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस, कमाल आहे. बाईंनी वहीतलं तुझं नाव खोडलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. ते पुसायचं कसं, ते तूच कळव.

मेणबत्ती


२६ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आईनं गल्ल्यावर मोठ्यानं वाचलं, कारण बाबांचा चष्मा सापडत नव्हता. "मामा, तू बाई निघालास" इथपर्यंत ती आली तेव्हा दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. बाबा पिठाच्या खोलीत जाऊन बसले ते दुपारी जेवायलाच बाहेर आले. ते काही तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय.

थुंकी माझी आहे.

बाबा ती नळी घेऊन अख्खी दुपार बसले होते. तोंडात थेंब नाही. ते ज्या गोळ्या घेतात त्यांनी तोंड कोरडं पडतं. मग मला म्हणाले, तू भर गं, घरचीच थुंकी, काय फरक पडतोय. मला वाटलं खरंच पडत नसेल. आपण काय, खमीर एका डब्यातलं संपलं तर दुसऱ्यातलं घेतोच की.

गोळ्या कसल्या, विचारशील. बाबा मार्चमध्ये पडले. भट्टीच्या तोंडाशीच, कपाळावर तीन टाके. रक्तदाब खूप वाढला होता. डॉक्टरांनी मीठ कमी केलं आणि भट्टीपाशी उभं राहणं पूर्ण बंद. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. मग मी म्हटलं, तोवर मी उभी राहते. ते "तोवर" आता नऊ महिन्यांचं झालंय. रोज पहाटे मी भट्टी पेटवते, पाव मी लावते, मी काढते. बाबा पुढे बसून गिऱ्हाइकांना सांगतात, आजचा माल बघा कसा आलाय. कुणी भाजला ते सांगत नाहीत. रंग बरा येतोय हे तुला लिहिलं ना त्यांनी? तो माझा रंग आहे. मी लाकडं थोडी उशिरा सारते.

तू यावंस म्हणून ते इतके मागे लागलेत, त्याचं कारण आत्याला दिलेला शब्द. आणि दुसरं म्हणजे भट्टीवर पोरगी, हे त्यांच्या तोंडून अजून निघत नाही. आई म्हणते, निघेल, त्यांना वेळ दे. पण तू खरंच आलास तर मला परत साच्यांना तेल लावायला बसावं लागेल.

मला भट्टी हवी आहे, दादा. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही. तुला हवी असेल तर तसं सांग, आपण बघू, भांडूसुद्धा. नको असेल तर तेही सरळ सांग. त्या अक्षरांच्या आड लपून सांगू नकोस. तुझ्या कागदाप्रमाणे तर तू उद्याच उभा राहू शकतोस.

बबी

ता. क. मी बर्फाच्या पाण्यात किती टिकले असते, ते बाईंना विचार.


१० जानेवारी

मामा,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्यांदा तुझ्या टाक्यांबद्दल विचारलं, मग रागावलो, मग बूट पुसले. आता सरळ लिहितो.

मला भट्टी नको आहे. जमत नाही म्हणून नव्हे. नको आहे.

हे मला नऊ वर्षांपूर्वीच सांगायचं होतं. आणखी एक सांगतो, ते वाचून तू पत्र फाडलंस तरी चालेल. त्या दिवशी मी ट्रेसकट पडलो ना, तेव्हा चक्कर आली होती हे खरं. पण डोळे लगेच उघडले होते. फरशी गार होती. तू पंख्यासाठी ओरडत होतास, मामी पाणी आणत होती, आणि माझ्या मनात आलं, आता उठलो नाही तर पुन्हा कुणी उभं करणार नाही. म्हणून उठलो नाही. तू माझं नाव मेणबत्ती ठेवलंस तेव्हा सगळे हसले, मीही हसलो, आणि आतून सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी त्या नावाच्या सावलीत राहतोय. नाव पातळ व्हायला लागलं म्हणून त्याला शास्त्राचा आधार शोधत होतो.

तूही पडलास आणि लपवलंस. आपण दोघं एकाच फरशीवर पडलेले. त्यातला तू खोटं बोललास उभं राहण्यासाठी आणि मी आडवं राहण्यासाठी. बाईंच्या यादीत याचं अक्षर नाही, पण मला वाटतं ते आपल्या घरात दोन्हीकडून आलंय.

जी माणसं शेकडो पिढ्या इथे राहिली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं की बाबांनो थंडी हवी की ऊन. बबीला विचारता येतं. ती घरात आहे, दहा पावलांवर. तिला विचार.

आईला दिलेल्या शब्दाचं म्हणशील, तर आईनं तो माझ्यासाठी घेतला होता. तो मी तुला परत करतो.

रागावलास तरी मिठाचं सांभाळ.

मेणबत्ती


२४ जानेवारी

चि. मेणबत्तीस,

फाडलं नाही. दोनदा वाचलं.

तुझे डोळे उघडे होते हे मला तेव्हाच माहीत होतं. पापणी हलत होती. मला वाटलं, पोरगं घाबरलंय, उद्या येईल. उद्या तू आला नाहीस, मग मीही विषय काढला नाही. नाव ठेवून मोकळा झालो. ते बरं केलं नाही.

तुझ्या सांगण्यावरून बबीला विचारलं. म्हणजे विचारायला गेलो तेव्हा ती पाव काढत होती. मी म्हटलं, बबे, तुला ही भट्टी... तर मागे न बघता म्हणते, "बाबा, बाजूला व्हा, जळतील." मी बाजूला झालो. तिथे उभा राहून पहिल्यांदा नीट बघितलं. आपलं फावडं माझ्या उंचीचं, दांडा तिच्या डोक्याच्या वर हातभर जातो. दहा महिने ती काखेत धरून, कमरेत वाकडी होऊन काम करतेय, आणि मी पुढे बसून मालाचा रंग सांगतोय.

दुपारी भट्टी जरा निवल्यावर मी दांडा कापला. तिला शेजारी उभी करून खूण केली आणि करवतीनं कापला. तुझी मामी दारात उभी होती. तिनं झाडू आणून भुसा गोळा केला. बबीनं कापलेला तुकडा उचलून सरपणात टाकला आणि पुढची खेप लावायला घेतली. आता ते फावडं मला धरायचं म्हटलं तरी धरता येणार नाही. डॉक्टरचं काम संपलं.

गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली आहे. एक म्हणाला, आम्हाला केव्हाच कळलंय, खिडकीतून दिसते की.

माझी मात्र पंचाईत झाली आहे. गल्ल्यावर तुझी मामी बसू देत नाही, म्हणते गिऱ्हाइकांशी वाद घालतोस. सकाळ फार मोठी असते हे मला माहीत नव्हतं. फिरायला जातो. आधी गल्लीच्या टोकापर्यंत जायचो. परवा पुढे गेलो तर तिथे बाग निघाली. एकतीस वर्षं तिथेच होती म्हणतात. काल बस कुठे जाते ते बघायला बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. ड्रायव्हर म्हणाला, काका, उतरा, पुढे काही नाही. मी म्हटलं, असं कसं, पुढे काहीतरी असणारच.

तुझ्या बाईंना सांग, प्रश्नचिन्ह पुसा आणि बबीचं नाव लिहा. उंचीसकट.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

आज ट्रक यायच्या आत हे संपवायचंय, म्हणून बकरीची गोष्ट याही वेळी राहिली.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. दांडा कापल्याच्या जागी त्या चष्मा पुसत बसल्या. मग वही काढली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि बबीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. तिचा नवा फॉर्म सोबत पाठवतोय, सही घे, नाहीतर बाईंना ती नळी वापरता येणार नाही. रुमालवाल्या म्हातारीलाही मी खुणा करकरून सगळं सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं स्वतःची लोकर विंचरायची फणी उचलली, माझ्या हाताला लावून पाहिली आणि मान हलवून परत ठेवली. उद्या लाकूड घेऊन ये, असं खुणेनंच सांगितलं.

बाईंचं इथलं काम एप्रिलपर्यंत आहे. पुढे काय ते ठरलेलं नाही. एकजण म्हणतो खाली किनाऱ्यावर दोर वळायचं काम आहे, बाई म्हणतात पुढच्या हिवाळ्यात परत ये. बघू. पण त्याआधी मे महिन्यात मी घरी येतोय. पाहुणा म्हणून. नऊ वर्षांत मी तुझ्या दारात कधी निवांत उभा राहिलो नाही, मामा. आलो की नजर आधी भट्टीकडे जायची आणि मी परतीच्या गाडीची वेळ मोजायला लागायचो. या खेपेला बबीच्या हातचा पाव खाईन, मामीच्या शिव्या खाईन, आणि तू मला ती बाग दाख

भोंगा वाजला. ट्रक आज लवकर आला. मी खिडकीशी बसूनच लिहितोय, घाईघाईनं.

ड्रायव्हर कुणाशी तरी वाद घालतोय. बटाट्यांची पोती दोरीनं कशी बांधायला हवी होती ते त्याला कुणीतरी समजावून सांगतंय, आणि तो हात जोडून ऐकतोय. मागच्या फळीवरून एक पाय खाली आला, जमीन चाचपून परत वर गेला. आता दुसरा पाय. अंगावर दोन कोट, एकावर एक, वरचा मामीचा.

पत्र इथेच थांबवतो. मामा, ट्रकमधून तू उतरतोयस.